खुराड्यातली घरघर आणि बाजारातले नुकसान

माग चालला तर घर चालते आणि माग थांबला तर मागच्या दारावर घर चालवावे लागते, हे इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव या गावांतल्या कामगारांना वेगळे सांगायला नको. या मागच्या दारात एखादी शेळी आणि दहा-वीस कोंबड्या असतात. मागवालेच कशाला, पिंजारी, शिकलगार, बागवान, मुलाणी, गवंडीकाम करणारे, हातगाडीवाले, अशा कितीतरी घरांत खुराड्याचा हिशेब बाईच्या हातात असतो. मुलाची वह्यापुस्तके, अचानक आलेले आजारपण, घरी आलेला पाहुणा, ईदेचा कपडा, या सगळ्याला तो पैसा उपयोगी पडतो. पंधरा अंड्यावरच्या गावठी कोंबड्या घरात असल्या आणि एकेकीने वर्षाला साठ अंडी दिली, तरी नऊशे अंडी होतात. त्यातली काही उबवायला ठेवली, काही घरात खाल्ली, तरी उरलेल्यांना बॉयलरच्या अंड्यापेक्षा चांगला भाव मिळतो. कोंबडा विकला तर त्याचे पैसे निराळे.

हा धंदा बिनभांडवली आहे असे आपण समजतो आणि म्हणूनच त्याच्याकडे धंदा म्हणून पाहत नाही. थंडी पडली, कोंबड्या शिंकू लागल्या, रात्री खुराड्यातून घरघर ऐकू येऊ लागली, की घरातले म्हणतात, सर्दी झाली, जाईल. कुणी लसूण चारतो, कुणी हळदीचे पाणी पाजतो, कुणी औषधाच्या दुकानातून माणसाची कॅप्सूल आणून अर्धी अर्धी करून घशात घालतो. कधी कोंबड्या बऱ्या होतात, कधी आठ दिवसांत खुराडे रिकामे होते. बऱ्या झाल्या तर लसणाने झाल्या, मेल्या तर नजर लागली! या दोन्ही समजुतींपायी आपल्या लोकांचा किती पैसा जातो याचा विचार व्हावा म्हणून हा विषय आम्ही यावेळी व्यापाराच्या पानावर घेतला आहे.

इचलकरंजीच्या एका यंत्रमाग वस्तीत आम्ही पाहिलेले एक घर सांगतो. घरचा पुरुष मागावर, बाई घरी बसून कांड्या भरणारी. खुराड्यात लहानमोठी सव्वीस पाखरे. उरुसाच्या आधी कोंबड्याला गिऱ्हाईक चांगले असते म्हणून त्यांनी आठवडे बाजारातून तीन कोंबडे आणले आणि त्याच रात्री खुराड्यात सोडले. पाचव्या-सहाव्या दिवशी त्यातला एक पंख पाडून कोपऱ्यात बसला. दोन दिवसांनी चार-पाच कोंबड्या तोंड उघडून श्वास घेऊ लागल्या. खाणे बंद, हगवण हिरवी. "आम्हाला वाटलं थंडीनं सर्दी झाली असंल," भाभी सांगत होत्या. "दुकानातनं पावडर आणली, पाण्यात घातली. शेजारच्या चाची म्हणाल्या, अगं आजून जित्या हायेत तवरच इकून टाक." त्यांनी सहा कोंबड्या अर्ध्या भावात एका फिरत्या व्यापाऱ्याला दिल्या. त्याने त्या आपल्या जाळीत, इतर चाळीसभर पक्ष्यांत टाकल्या. पुढच्या आठवड्यात भाभींच्या खुराड्यात चार कोंबड्या उरल्या होत्या आणि त्यातल्या एकीची मान पाठीकडे वळलेली होती. त्या व्यापाऱ्याच्या जाळीत काय उरले ते त्याने सांगितले नाही. पण महिनाभर तो त्या वस्तीत फिरकला नाही, एवढे शेजाऱ्यांनी सांगितले.

वाचकांपैकी जाणकारांनी रोग ओळखला असेल. ही मानमोडी, म्हणजेच राणीखेत. आता या घटनेत चूक कुठे झाली ते पाहण्याआधी घरघर म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे.

आवाज एक, रोग अनेक

घरघर हा रोग नव्हे. श्वासाच्या नळीत चिकटा साचला की येणारा तो आवाज आहे आणि तो चिकटा निदान सात-आठ कारणांनी साचतो. दवाखान्यात डॉक्टर हातात कोंबडी घेतात आणि आधी प्रश्न विचारतात, तो याचसाठी. किती दिवस झाले? किती आजारी, किती मेल्या? नवे पाखरू कधी आणले? लस कधी दिली? या चार प्रश्नांची उत्तरे घरच्या माणसाकडे असली तर निम्मे निदान तिथेच होते.

सर्वांत जास्त आढळणारा रोग म्हणजे जुनाट श्वसनरोग. डॉक्टर त्याला सीआरडी म्हणतात. मायकोप्लाझ्मा नावाच्या अतिसूक्ष्म जंतूने तो होतो. यात कोंबडी लगेच मरत नाही. दिवसा चरते, दाणे टिपते, पण रात्री खुराडे शांत झाले की घरघर ऐकू येते. डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस दिसतो. अंडी कमी होतात, पिल्ले खुरटी राहतात. हा जंतू एकदा कळपात शिरला की सहसा जात नाही, आजारी कोंबडीच्या अंड्यातून तो पिल्लातही उतरतो. औषधाने आवाज थांबतो आणि थंडी, प्रवास, जागाबदल असा काही ताण पडला की पुन्हा सुरू होतो. 'दरवर्षी आमच्या कोंबड्यांना सर्दी होते' असे जे सांगतात त्यांच्या घरी बहुधा हा पाहुणा कायमचा राहायला आलेला असतो.

दुसरा रोग कोरायझा. हा जंतूचाच, पण झपाट्याने पसरणारा. नाकातून घट्ट स्राव, डोळ्याखाली आणि गालावर सूज, इतकी की डोळा मिटून जातो. खुराड्यात एक प्रकारचा कुजका वास येतो. हा वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. मरतूक फारशी नसते, वेळेवर औषध मिळाले तर कोंबड्या सावरतात, मात्र बऱ्या दिसणाऱ्या कोंबड्याही रोग बाळगून राहतात आणि नव्या पाखरांना देतात.

मग विषाणूचे रोग. ब्राँकायटिसमध्ये शिंका आणि घरघर दोन आठवड्यांत थांबते, पण त्यानंतर अंडी वेडीवाकडी, खरबरीत कवचाची येतात, फोडली तर पांढरे पाण्यासारखे पसरते. देवी रोगाचा एक प्रकार तोंडात आणि घशात होतो, पिवळट खपल्या साचून कोंबडी गुदमरते. बुरशी आलेला भुसा किंवा कुबट मका यातून बुरशीचे बीज फुप्फुसात जाते आणि लहान पिल्ले धापा टाकत मरतात. त्यावर औषध नाही, भुसा बदलणे एवढाच उपाय. शिवाय श्वासनळीत राहणारा एक लाल कृमी असतो, त्यानेही कोंबडी मान ताणून जांभया दिल्यासारखे करते.

आणि अनेकदा रोग मुळात नसतोच, खुराड्याची हवा असते. विष्ठा ओली राहिली की तिच्यातून अमोनिया निघतो. त्याने डोळे चुरचुरतात, श्वासनळीचे आतले अस्तर दुखावते आणि मग साधा जंतूही भारी पडतो. त्याची परीक्षा सोपी आहे. सकाळी खुराड्याचे दार उघडताच कोंबडी जिथे बसते त्या उंचीवर आपले नाक नेऊन श्वास घ्यावा. आपल्या डोळ्यांत पाणी आले तर कोंबडीने तिथे दहा तास काढले आहेत हे ध्यानात घ्यावे. थंडीत ऊब म्हणून आपण खुराड्याला चारही बाजूंनी पोते आणि प्लास्टिक बांधतो. हेतू चांगला, पण परिणाम उलटा. वारा अंगावर येऊ नये हे खरे, तरी वरच्या बाजूला वीतभर फट मोकळी हवीच. मागाच्या शेडला लागून खुराडे असेल तर तंतूंची धूळ तिथे उडते, तीही टाळावी.

मानमोडीची गोष्ट

या सगळ्यांत राणीखेत वेगळा काढून सांगावा लागतो, कारण बाकीचे रोग उत्पन्न कमी करतात, हा खुराडे बंद करतो. १९२६ साली तो जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल येथे नोंदवला गेला. पुढच्या एक-दोन वर्षांत कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेतला तो आढळला आणि आपल्या देशात त्याला तेच नाव पडले. लस न दिलेल्या कळपात तो शिरला तर शंभरातल्या ऐंशी-नव्वद कोंबड्या सहज जातात. आधी शिंका आणि उघड्या तोंडाने श्वास, मग हिरवी हगवण, पंख व पाय लुळे, शेवटी मान पिळवटणे. ज्या वाचतात त्यांची मान बरेचदा वाकडीच राहते.

यावर उपचार नाही. हे वाक्य ठळक करून वाचावे. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. पावडर, कॅप्सूल, इंजेक्शन काहीही दिले तरी ते फार तर सोबतच्या दुसऱ्या जंतूला आवरते. भाभींनी पावडरीवर घातलेला पैसा त्या दिवशी वाया गेलाच, पण त्याहून मोठे नुकसान म्हणजे औषध चालू आहे या भरवशावर गेलेले चार दिवस. त्या चार दिवसांत निरोगी कोंबड्या वेगळ्या करता आल्या असत्या.

माणसाच्या कॅप्सूलबद्दलही सांगितले पाहिजे. दुकानात बहुधा पेनिसिलिनच्या जातीची कॅप्सूल मिळते. हे औषध जंतूच्या बाहेरच्या भिंतीवर काम करते. सीआरडीच्या जंतूला ती भिंतच नसते! म्हणजे राणीखेतला ते चालत नाही आणि सीआरडीलाही चालत नाही. मग उरले काय? उरले ते अंड्यात आणि मांसात शिल्लक राहिलेले औषध, जे आपल्या गिऱ्हाइकाच्या आणि आपल्याच पोरांच्या पोटात जाते आणि उद्या त्यांना खरोखर गरज पडेल तेव्हा निकामी ठरते. कोलिस्टिन हे औषध माणसासाठी शेवटचा आधार म्हणून राखून ठेवायचे असते, ते कोंबड्यांना वाढीसाठी सर्रास दिले जात होते म्हणून केंद्र सरकारने २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली. तेव्हा औषध द्यायचे ते पशुवैद्यकाने लिहून दिलेलेच, त्याने सांगितले तितके दिवस, मधेच न थांबता, आणि औषध संपल्यावर तो सांगेल तितके दिवस अंडी व पाखरे विकायची नाहीत. 'गावठी' म्हणून आपण जादा भाव घेतो, तेव्हा गिऱ्हाईक नेमक्या याच भरवशाचे पैसे मोजत असते.

जितं आहे तोवर विकून टाक

आता भाभींच्या शेजारणीचा सल्ला. तो त्या एकट्या चाचींचा नाही, सगळ्या महाराष्ट्रात कोंबडी आजारी पडली की हाच सल्ला मिळतो. हातातोंडाशी गाठ असलेल्या माणसाने थोडे तरी पैसे वाचवावेत असे वाटणे आम्ही समजू शकतो. पण याच सल्ल्याने रोग एका खुराड्यातून बाजारात आणि बाजारातून पन्नास खुराड्यांत जातो. राणीखेतचा विषाणू आजारी पक्ष्याच्या श्वासातून, लाळेतून आणि विष्ठेतून बाहेर पडतो. लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस, क्वचित पंधरा दिवसही जातात. म्हणजे बाजारात टवटवीत दिसणारा कोंबडाही रोग घेऊन आलेला असू शकतो. भाभींचे तीन कोंबडे असेच कुणीतरी 'जिते आहेत तोवर' विकलेल्या कळपातले असणार, दुसरे काय?

यात दीनाचीही एक बाजू आहे. मेलेली कोंबडी मुरदार, ती खाणे-विकणे नाही, हे आपल्या लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु मरणाला टेकलेल्या कोंबडीवर घाईघाईने सुरी फिरवून ती दुकानात टांगणारे लोक आहेत, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्याचा मसला उलेमांना विचारावा. आम्ही व्यापाराच्या पानावर एवढेच म्हणू की मालाचा ऐब लपवून विकणे हे आपल्याकडे व्यापारात बसत नाही, आणि आजारी पाखरू निरोगी म्हणून देणे याहून उघड ऐब कोणता?

चिकनची दुकाने चालवणाऱ्या आणि बाजार करणाऱ्या भावांसाठी एक गोष्ट विशेष सांगायची आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी स्वतःच्याही कोंबड्या असतात. बाजारात न खपलेली पाखरे संध्याकाळी परत आणून घरच्या खुराड्यात सोडण्याची पद्धत तेवढी बंद करा. बाजारात गेलेले पाखरू परतले तर त्याला नवे पाखरू समजावे. जाळ्या, डालगी आणि सायकलचे कॅरियर साबणाच्या पाण्याने घासून उन्हात वाळवावे. राणीखेतचा विषाणू साबणाने व जंतुनाशकाने मरतो, पण विष्ठेच्या आणि पिसांच्या थराखाली तो सुरक्षित राहतो. म्हणून आधी घासणे आणि मगच औषध. वरून फिनाईल शिंपडून काही होत नाही. दुकानातली चप्पल खुराड्याजवळ नेऊ नये. आजारी पाखरे हाताळल्यावर माणसाचे डोळेही लाल होऊन चुरचुरतात, ते काही दिवसांत आपोआप बरे होतात, पण हात न धुता डोळा चोळू नये.

गल्लीबोळात टोपलीतून लाल, हिरवी, गुलाबी रंगवलेली पिल्ले विकायला येतात. पोरे हट्ट धरतात. ती बहुतेक अंड्याच्या जातीतली नर पिल्ले असतात, उबवणी केंद्राला नको असलेली. त्यांना लस दिलेली असेल याचा काही भरवसा नसतो. पोराच्या हौसेसाठी घ्यायचीच असतील तर खुराड्यापासून दूर ठेवावीत. सुधारित जातीची पिल्ले हवी असतील तर शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र कोल्हापुरात आहे, तिथे चौकशी करावी.

जेव्हा राणीखेत नसते

आणखी एका कारणासाठी पाखरे विकण्याची घाई धोक्याची आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला पोल्ट्र्यांमध्ये कोंबड्या मरू लागल्या तेव्हा सुरुवातीला सगळ्यांनी राणीखेतच समजले. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला तो बर्ड फ्लूचा, आपल्या देशातला पहिला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या आणि नवापूरपासून शेकडो मैल दूर असलेल्या चिकनवाल्यांची दुकानेही ओस पडली. पुढे २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी तेच झाले.

सांगण्याचा मुद्दा असा की, घरच्या माणसाला डोळ्यांनी राणीखेत आणि बर्ड फ्लू यांतला फरक कळत नाही. डॉक्टरलाही प्रयोगशाळेशिवाय खात्रीने सांगता येत नाही. एक-दोन दिवसांत बरीच पाखरे अचानक मेली, तुरे निळे-काळे पडले, डोके सुजले, किंवा परिसरात कावळे-बगळे मरून पडले असतील तर कोंबडी कापू नये, विकू नये, दवाखान्यातही घेऊन जाऊ नये. आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करावा. पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग पुण्याला औंध येथे आहे, नमुने पुढे कसे पाठवायचे ते डॉक्टर पाहतात.

आपल्या लोकांना भीती वाटते ती सरकारी माणूस येऊन सगळ्याच कोंबड्या मारील याची. बर्ड फ्लू ठरला तर एक किलोमीटरच्या परिसरातली पाखरे मारली जातात, हे खरे आहे. पण त्या पाखरांची भरपाई ठरलेल्या दराने मिळते, आणि ती मारलेल्या पाखरांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे लपवून ठेवणाऱ्याला रोजच्या मरतुकीबरोबर भरपाईही गमवावी लागते. ज्याने लवकर कळवले त्याची पाखरे मोजणीत येतात.

मेलेली पाखरे नाल्यात किंवा पंचगंगेत फेकण्याची सवय आपल्या वस्त्यांमध्ये आहे. तीही सोडली पाहिजे. दोन-तीन हात खोल खड्डा, खाली-वर चुना, वरून माती दाबून, कुत्र्याने उकरू नये अशी. जागा नसेल तर नगरपालिकेला किंवा महापालिकेला कळवावे.

शंभर डोसांची बाटली

हे सारे झाले रोग आल्यानंतरचे. राणीखेत येऊच नये याचा इलाज मात्र स्वस्त आहे आणि तो आज-कालचा नाही. कुमाऊँतल्याच मुक्तेश्वरच्या संस्थेत १९४० च्या दशकात राणीखेतची लस तयार झाली, ती आर-टू-बी या नावाने आजही दिली जाते. तिच्या आधी पिल्लांसाठी सौम्य लस असते, तिला लासोटा किंवा एफ-वन म्हणतात. पिल्लू पाच ते सात दिवसांचे झाले की सौम्य लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा एकदा, आणि आठव्या आठवड्याला आर-टू-बीचे इंजेक्शन. आर-टू-बी लस कडक असते. आधी सौम्य लस न दिलेल्या लहान पिल्लाला ती देऊ नये, आणि अंड्यावर आलेल्या कोंबडीला दिली तर अंडी घटतात, म्हणून तलंग असतानाच उरकावी. पुढे मोठ्या पाखरांना सौम्य लस केव्हा केव्हा द्यायची ते आपल्या भागातल्या डॉक्टरला विचारून ठरवावे.

मग आपल्या घरांत लस का पोहोचत नाही? किंमत म्हणावी तर शंभर डोसांची बाटली एका गावठी कोंबडीपेक्षा स्वस्त पडते. अडचण दुसरीच आहे. बाटली फोडली, पाण्यात मिसळली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. ज्याच्याकडे दहा हजार पाखरे आहेत त्याला हे सोयीचे, ज्याच्याकडे वीस आहेत त्याने उरलेल्या ऐंशी डोसांचे काय करायचे? म्हणून तो आणतच नाही. दवाखान्यातही एवढ्या थोड्या पाखरांसाठी बाटली फोडायला मन धजत नाही.

यावर उपाय वस्तीलाच करावा लागेल आणि तो अवघड नाही. पाच-सहा घरे एकत्र आली की शंभर पाखरे होतात. आफ्रिकेतल्या मोझांबिक आणि टांझानिया या देशांत खेड्यापाड्यांतल्या बायकांनी हेच केले आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाचे प्राध्यापक स्प्रॅडब्रो यांनी फ्रिजबाहेरही काही काळ टिकेल अशी आय-टू नावाची राणीखेतची लस तयार केली. गावातल्या बायकांना डोळ्यात एक थेंब कसा टाकायचा ते शिकवले गेले, त्या दर चार महिन्यांनी घरोघर फिरून थेंब टाकतात आणि पाखरामागे थोडे पैसे घेतात. त्यांच्याही कोंबड्या आपल्यासारख्याच, अंगणात चरणाऱ्या. आपल्याकडे तर भिशी चालवणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत. बचत गट आहेत. महिन्याला शेकड्यांचा हिशेब तोंडपाठ ठेवणारी बाई लसीची तारीख लक्षात ठेवणार नाही, असे कोण म्हणेल? एखाद्या मोहल्ल्यात दोन मुलींनी दवाखान्यात जाऊन थेंब टाकणे शिकून घेतले तर त्यांनाही दोन पैसे मिळतील. आठव्या आठवड्याचे इंजेक्शन मात्र डॉक्टरच्या किंवा पशुधन पर्यवेक्षकाच्या हातूनच द्यावे.

लसीच्या दिवसाची तयारी सांगतो, कारण बहुतेक लसी इथेच वाया जातात आणि मग 'लस देऊनही मेल्या' असा बोभाटा होतो. लस दोन ते आठ अंश तापमानात राहिली पाहिजे. दुकानातून खिशात घालून उन्हातून आणली तर ती मेलेली लस. बर्फ घातलेला थर्मास किंवा कुल्फीवाल्याकडचा थर्माकोलचा डबा आणावा. बाटलीसोबत मिळणारे द्रावणही आधी थंड करावे. ज्या लसी पाण्यातून पाजायच्या त्यांना नळाचे ताजे पाणी चालत नाही, नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने लस मरते. पण थोड्या पाखरांना थेंबच बरा, प्रत्येकाला मिळाल्याची खात्री राहते. थेंब टाकल्यावर पाखराने डोळा मिटून उघडेपर्यंत किंवा थेंब नाकात ओढेपर्यंत धरून ठेवावे, लगेच सोडले तर ते मान झटकते. पहाटे, पाखरे खुराड्यातून बाहेर पडायच्या आत हे काम करावे. एकदा ती अंगणात पांगली की धावपळीत दोन तास तिथेच जातात.

घरघर चालू असलेल्या कळपाला लस देऊ नये. आधी डॉक्टरला दाखवावे. निरोगी पाखरांनाही लसीनंतर एक-दोन दिवस किरकोळ शिंका येतात, त्याने घाबरू नये. नवे पाखरू आणले तर तीन आठवडे वेगळे ठेवावे, वेगळ्या डालग्यात, वेगळ्या पाण्याच्या भांड्यावर. दाणापाणी करताना आधी घरच्या पाखरांचे, मग नव्याचे. छोट्या घरात एवढी जागा कुठून आणायची, असे भाभींनी आम्हाला विचारले. गच्चीवर किंवा शेजाऱ्याच्या रिकाम्या परसात डालगे ठेवता येते. तेही जमत नसेल तर सणाच्या आधी बाजारातून कोंबडे आणून ते वाढवून विकण्याचा मोह सोडावा आणि घरच्याच कोंबडीखाली अंडी ठेवून पाखरे वाढवावीत. त्यांना तीन-चार महिने जास्त लागतात, पण बाहेरून आणलेल्या पाखरांचा धोका राहत नाही.

लस टाकून झाल्यावर बाटलीत उरलेले द्रावण दुसऱ्या दिवसासाठी फ्रिजमध्ये ठेवू नये. ते आणि रिकाम्या बाटल्या पाण्यात चांगल्या उकळून मगच टाकाव्यात. त्या पोरांच्या हाती खेळायला देऊ नयेत आणि खुराड्याच्या कडेला तर मुळीच फेकू नयेत.